गिरमिटापासून व्हिसापर्यंत : परमुलखात कामाला जाणाऱ्यांच्या कागदाची गोष्ट



दसरा जवळ आला की आपल्या वडवणी तालुक्यात दोन कामं एकदम सुरू होतात. घराघरांत धुणी आणि साफसफाई, आणि दारादारांत मुकादमाच्या चकरा. कोणी किती उचल घेतली, कोणाची टोळी कुठल्या कारखान्याला चालली, कोणाची पोरं म्हातारीजवळ राहणार, हीच बोलणी कानावर येतात. अशाच दिवसांत आमच्या एका गटाच्या बैठकीत एका मावशींनी पन्नास हजारांचं कर्ज मागितलं.

"कशाला हो मावशी एवढे?" मी विचारलं.

"पोरीला फारीनला धाडायचंय, ताई. एजंट म्हनतोय नवा व्हिसा निघालाय, डिजिटल काय तरी. लॅपटॉप घेऊन जायचं आन् तिथं बसून काम करायचं. दीड लाख लागत्यात. पन्नास गटानं द्यावेत, लाखाची उचल मी मुकादमाकडून घेते."

बैठक गप्प झाली. लाखाची उचल म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मावशींची लेक बी.कॉम. झालेली. पुण्याच्या एका ऑफिसची बिलं ती घरी बसून कॉम्प्युटरवर भरते. महिन्याला बारा हजार मिळतात. रेंज येत नाही म्हणून अर्धा दिवस गच्चीवर बसते. हुशार पोरगी. तिनं बाहेर जायचं स्वप्न पाहिलं तर त्यात वावगं काय?

मी म्हटलं, "मावशी, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. मी माहिती काढते." बी.ए.ला माझा विषय इतिहास. म्हणून मी शोधायला बसले ते मागून सुरुवात करूनच. आपली माणसं कामासाठी परमुलखात कधीपासून जातात, आणि जाताना त्यांच्या हातात कोणता कागद असतो? जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

ही गोष्ट उसापासूनच सुरू होते.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं एक छोटं बेट आहे. तिथं इंग्रजांच्या राज्यात उसाचे मोठमोठे मळे होते. त्या मळ्यांवर आधी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १८३० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली. मग ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज मजुरांना घेऊन तिथं पोचलं. पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बिहारची होती, मद्रासकडची होती, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती. रत्नागिरीकडच्या या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात आणि मराठी शिकतात.

या मजुरांच्या हातात एक कागद असायचा. इंग्रजीत त्याला 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात. साध्या माणसांच्या तोंडी त्याचं झालं 'गिरमिट', आणि जाणारा झाला 'गिरमिटिया'. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा असायचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. निघताना काही महिन्यांचा पगार आगाऊ मिळायचा. आगाऊ पैसा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपण त्याला उचल म्हणतो.

आणखी एक गोष्ट ऐका. मळ्यावर एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापत. तिथं त्याला 'डबल कट' म्हणायचे. हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. आपल्याकडेही बाई आजारी पडली, एक दिवस फडात गेली नाही, तर खाड्याचा दंड हिशेबात येतोच ना?

गिरमिट संपलं तरी माणूस मोकळा होत नसे. १८६७ साली मॉरिशस सरकारनं कायदा केला की करार संपलेल्या मजुरानं स्वतःचा फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगायचा. रस्त्यात शिपायानं अडवलं आणि परवाना निघाला नाही, तर त्याला भटका ठरवून धरत. म्हणजे कागद मजुराच्या खिशात होता, पण तो मजुरालाच बांधायला केलेला होता.

आणि बायका? बायकाही गेल्या, राबल्या, पोरं वाढवली. पण बहुतेकींचा स्वतःच्या नावाचा करार नव्हता. कोणाची तरी बायको, अशी त्यांची नोंद. सख्यांनो, आपण 'कोयता' म्हणतो तेव्हा दोन माणसं असतात, नवरा आणि बायको. पण मुकादमाच्या कागदावर नाव आणि सही बहुतेक वेळा एकट्या नवऱ्याची असते. पहाटे उठून भाकरी थापणारी, मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी बाई त्या कागदावर नसतेच. दोनशे वर्षं होत आली, समुद्र मध्ये आहे, तरी ही रीत तीच.

आता त्या 'भटका' शब्दाकडे येऊ, कारण तोच शब्द आजच्या व्हिसात आहे. इंग्रजीत 'नोमॅड' म्हणजे भटका, फिरस्ता.

आपल्या भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तो त्यांचा धंदा होता आणि त्यात त्यांचा मान होता. रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि तो धंदा बुडाला. त्यातच इंग्रज सरकारनं १८७१ साली एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा कायदा. फिरणाऱ्या अनेक जमातींची नावं त्यात घातली आणि त्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नाव नोंदवलेल्या माणसानं हजेरी द्यायची आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात अशा लोकांना कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

म्हणजे गरीब माणूस पोटासाठी फिरला तर तो संशयित, आणि त्याला पास लागतो. हे लक्षात ठेवा. पुढं हाच शब्द वेगळे कपडे घालून येणार आहे.

याच काळात एक मराठी मुलगी समुद्र ओलांडून गेली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली. नवरा बरोबर नाही. डॉक्टर व्हायचं, एवढाच निश्चय. त्या वेळी देशाबाहेर जायला पासपोर्टची सक्ती नव्हती. सरकारी कागदाची अडचण नव्हती, अडचण होती समाजाच्या परवानगीची. समुद्र ओलांडणं पाप, बाईनं एकटीनं जाणं त्याहून मोठं पाप. म्हणून निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूर इथल्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का चाललो, हे लोकांना सांगितलं. हे श्रीरामपूर बंगालातलं बरं का, आपलं नगरकडचं नव्हे. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, त्या गेल्या. पण त्यांच्या पदवीच्या कागदावर नाव त्यांचं स्वतःचं होतं.

पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धात. युद्ध संपलं, पण पासपोर्ट राहिला. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारला मनाला येईल तसं नाही म्हणता येणार नाही. त्याच वर्षी संसदेनं पासपोर्टचा कायदा केला. १९७८ साली मनेका गांधींच्या खटल्यात कोर्टानं ही गोष्ट आणखी पक्की केली. म्हणजे पासपोर्ट ही श्रीमंतांची चैन नाही. तो मावशींच्या लेकीचाही हक्क आहे.

मजुरांसाठी मात्र आणखी एक पायरी राहिली. १९८३ च्या कायद्यानं अशी सोय केली की कमी शिकलेला माणूस आखाती देशांसारख्या ठिकाणी मजुरीला जाणार असेल तर सरकारच्या अधिकाऱ्यानं त्याचा करार तपासायचा आणि मगच जाऊ द्यायचं. फसवणूक होऊ नये म्हणून हे केलं. दहावी पास असलेल्याला ही मंजुरी लागत नाही. सख्यांनो, दहावीच्या मार्कमेमोची किंमत यावरूनही कळते. तो कागद ट्रंकेत नीट ठेवा.

आणि ज्या आपल्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टोळीनं जातात, त्यांच्यासाठी संसदेनं १९७९ साली कायदा केला. त्यात लिहिलं होतं की ठेकेदारानं प्रत्येक मजुराला फोटो असलेलं पासबुक द्यायचं. त्यात कामाचं ठिकाण आणि मजुरीचा दर हे लिहायचं. आपल्या कितीतरी टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. मी त्या बैठकीत विचारलं, "असं पासबुक कोणी पाहिलंय का?" एकही हात वर झाला नाही.

आता येऊ त्या नव्या व्हिसाकडे.

२०२० साली कोरोना आला. विमानं थांबली, हॉटेलं ओस पडली. दुसरीकडे लाखो लोक घरी बसून कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करू लागले. पर्यटनावर जगणाऱ्या देशांनी विचार केला की हे लोक घरी बसतात ते आपल्याकडे येऊन का बसू नयेत? काम त्यांच्या देशाचं करतील, पगार तिकडून येईल, खर्च मात्र आपल्याकडे करतील. आपल्या माणसांच्या नोकरीलाही धक्का नाही. जुलै २०२० मध्ये बार्बाडोस नावाच्या बेटानं असा वर्षभराचा परवाना काढला. ऑगस्टमध्ये युरोपातल्या एस्टोनियानं काढला. नंतर क्रोएशिया, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन असे एकेक देश आले. यालाच 'डिजिटल नोमॅड व्हिसा' म्हणतात. आपल्या भाषेत कॉम्प्युटरवाला फिरस्ता.

आणि २०२० सालीच असा व्हिसा काढणाऱ्यांत आणखी एक बेट होतं. मॉरिशस. ज्या किनाऱ्यावर उसासाठी माणसं गिरमिटावर उतरवली, तिथंच आता लॅपटॉपवाल्या फिरस्त्यांना बोलावतात, आणि सुरुवातीला तर व्हिसाची फीसुद्धा घेत नव्हते. ज्या बेटावर फोटोचा परवाना नसला तर भटका म्हणून धरत, तिथं आता भटक्यालाच परवाना मिळतो. फरक एकच. या भटक्याच्या खात्यात पैसा आहे.

किती पैसा? मॉरिशसची अट महिन्याला पंधराशे डॉलर, म्हणजे आजच्या भावानं सव्वा लाखाच्या वर. मलेशियात कॉम्प्युटर क्षेत्रात काम करणाऱ्याला वर्षाला चोवीस हजार डॉलर, म्हणजे वीस लाखांच्या वर. बार्बाडोसला वर्षाला पन्नास हजार डॉलर, म्हणजे चाळीस लाखांच्या वर. शिवाय बँकेचा हिशेब, आरोग्य विमा, आणि काम त्या देशाबाहेरचं आहे याचा लेखी पुरावा. काही देश पोलिसांचा दाखला मागतात, काही पदवी किंवा अनुभव मागतात. या अटी बदलत राहतात. म्हणून त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच पाहाव्यात.

पण सगळ्यांत महत्त्वाची अट एकच, आणि ती सगळीकडे सारखी आहे. काम आधी, व्हिसा नंतर. ज्याच्याकडे काम आणि कमाई आधीच आहे, त्यालाच हा व्हिसा मिळतो. त्या देशात नोकरी करायची मुभा तो सहसा देत नाही. गिरमिट याच्या उलट होतं. ते त्या मुलखातल्या मालकाशी बांधत होतं. म्हणून "हा व्हिसा काढा, तिथं गेल्यावर काम लावून देतो" असं कोणी म्हणालं, तर तो माणूस एकतर अडाणी आहे किंवा फसवा आहे.

पुढच्या बैठकीला मी हे सगळं सांगितलं. मावशींची लेक आली होती. तिनं मोबाइलवर एजंटचे मेसेज दाखवले. जायचं होतं कंबोडियाला. काम 'डेटा एन्ट्री'चं. व्हिसा मात्र फिरायला जाणाऱ्याचा, टूरिस्टचा. माझ्या पोटात गोळा आला. २०२२ पासून आपलं परराष्ट्र खातं सांगतंय की कंबोडिया, म्यानमार, लाओस इथं कॉम्प्युटरच्या नोकरीच्या नावानं तरुणांना नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना लुबाडायच्या कामाला कोंडून बसवतात. आपल्या सरकारनं कित्येकांना सोडवून आणलंय.

आम्ही 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर त्या एजंटचं नाव शोधलं. नोंदणी असलेल्या एजंटांच्या यादीत ते नव्हतं. आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही परदेशी नोकरी लावून देण्यासाठी तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. हा तर दीड लाख मागत होता.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, मग मी गच्चीवरच बसायचं का जन्मभर?"

याचं उत्तर मला इतिहासातच सापडलं होतं. मी तिला म्हटलं, "बाळा, जायचंच. पण आधी तुझ्या नावाचे कागद तयार कर. ऑफिसकडून लेखी करार घे. पगार रोख किंवा कोणाच्या मोबाइलवर घेऊ नको, तुझ्या बँक खात्यात घे. इन्कम टॅक्सचं रिटर्न भर, कर बसत नसला तरी भर. पासपोर्ट काढ. आज बारा हजारांवर हा व्हिसा मिळणार नाही. पण ज्या दिवशी कमाई होईल त्या दिवशी मागच्या तीन वर्षांचा कागद तुझ्या हातात असला पाहिजे."

त्या दिवशी गटानं ठराव केला. एजंटसाठी कर्ज नाही. पासपोर्टची फी दीड हजार आणि जाण्यायेण्याचा खर्च, एवढं अंतर्गत कर्ज मंजूर. एका सखीनं विचारलं, "पासपोर्टला नवऱ्याची सही लागती का?" नाही लागत. २०१६ च्या डिसेंबरपासून लग्नाचा दाखलाही मागत नाहीत. मग आणखी दोघींनी आपली नावं पासपोर्टसाठी लिहून घ्यायला सांगितली. कुठं जायचंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "जायचं नाही, पन असावा."

मावशींनी लाखाची उचल घेतली नाही. पण घरखर्चाला काही उचल घ्यावीच लागली, आणि या हंगामातही त्या फडात जाणार आहेत. जाण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. लेकीकडून कोऱ्या कागदावर लिहून घेतलं : तारीख, उचलीची रक्कम, टनाचा दर, कारखान्याचं नाव, आणि खाली दोन नावं, नवऱ्याचं आणि स्वतःचं. मुकादम म्हणाला, "मावशी, एवढ्या वर्षांत कधी कागद मागितला नाही, आताच काय झालं?" मावशी म्हणाल्या, "लेकीला परदेशात जायला कागद लागतो म्हनं. मलाबी परमुलखातच जायचंय की." त्यानं कुरकुर करत सही केली. एक प्रत मावशींच्या पिशवीत आहे, आधारकार्डाच्या शेजारी.

मॉरिशसमधल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. तिथं त्या गिरमिटियांच्या नोंदी आणि फोटो जपून ठेवलेत. त्यांची पतवंडं तिथं येतात आणि आपला पणजोबा कुठल्या गावाहून, कुठल्या जहाजानं आला ते शोधतात. ज्या कागदानं पणजोबाला बांधलं, त्याच कागदामुळं त्याचं नावही राहिलं. आपल्या आया आणि सासवा किती हंगाम फडात राबल्या, याची नोंद मात्र कुठंच नाही.

म्हणून सख्यांनो, या दसऱ्याला एक करा. टोळीत जाणार असाल किंवा लेक बाहेर निघाली असेल, तर कागद मागा. त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा, किंवा गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. आणि तुमचं नाव नसेल, तर सही व्हायच्या आधी ते लिहून घ्या.